भाच्यानं मागितलेला कॅरम

मागच्या महिन्यात विसरवाडीला एका शुभकार्यात मी पाट मोडला. मोडला म्हणजे आपटून फोडला नाही, नुसता त्यावर बसलो. पाटावर बसायचं नाही तर काय डोक्यावर घ्यायचा, असा माझा बिनतोड सवाल होता. पण तो पाट नव्हता, आणि हे मला सोडून घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

फुईच्या नातीची सुपारी फुटायची होती. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. ती जाऊन बरीच वर्षं झाली, पण मी तिच्या माहेरचा माणूस, त्यामुळे मान मोठा. मान मोठा असला की माणूस खाली बघत नाही. पडवीत दोन विटांवर फडकं पसरलेली एक चौकोनी फळी दिसली, 'बसा भाऊ' असं कुणीतरी म्हणालं, आणि मी बसलो. माझं वजन किती, हे इथे सांगायचं कारण नाही. फळीनं ते सांगितलं. कडकन आवाज झाला आणि नव्या व्याह्यांच्या देखत माझे दोन्ही पाय वर गेले.

"अवं माय! भाऊ, तो पाट नही, पापडनं फळकं शे ते!" फुईची सून ओरडली.

"शे नही, व्हतं," तिची जाऊ म्हणाली.

हसणं ओसरेपर्यंत हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी तुकडे गोळा करायला लागलो. एक तुकडा उलटा झाला. त्याच्या पाठीवर निळ्या शाईत, उतरणीला लागलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: 'हा कॅरम श्री.', मग भेगेत गेलेलं नाव, आणि पुढे 'यांचा आहे. परवानगीशिवाय हात लावू नये.'

ते श्रीयुत म्हणजे मी. वय वर्षं अकरा.

कॅरमचं सांगण्याआधी मामाचं सांगायला हवं, कारण मला मामा नव्हता. आमच्याकडे भाचा म्हणजे देव. तो गुडघ्याएवढा असला तरी मामा वाकून त्याच्या पाया पडतो. आमच्या घरात तर आणखी एक रीत होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली की तिच्या मुलाला पहिल्या पंगतीत बसवायचं, आणि ताटावर बसून त्यानं जे मागितलं त्याला नाही म्हणायचं नाही. म्हणजे मामाच्या मुलांनी वर्षभर जपलेली वस्तू भाच्याच्या एका घासासरशी जायची.

ऐकायला हा अन्याय वाटतो, पण व्यवस्था चोख होती. तुमचा भोवरा तुमच्या आतेभावानं नेला, तर तुम्ही तुमच्या मामाकडे जाऊन मामेभावाची फिरकी घेऊन या. त्यानं त्याच्या मामाकडे जावं. असं करत आमच्या भागातल्या पोरांची सगळी इस्टेट दर उन्हाळ्यात एकेक घर पुढे सरकायची, आणि कुणाचंच फारसं बिघडायचं नाही. बिघडायचं फक्त माझं आणि माझ्या धाकट्या बहिणीचं. आमची माय एकुलती एक. आमच्या घरून जायचं तेवढं जायचं, यायचं काहीच नाही.

"माय, माले मामा का बरं नही?" मी एकदा विचारलं.

माय भाकरी थापत होती. "ते तुन्हा आजाले इचार."

"आजा कोठे शे?"

"देवना घर."

"मंग?"

"मंग भाकर खाय."

जूनमध्ये शाळा उघडली की खांडबाऱ्याच्या आमच्या वर्गात पहिला आठवडा प्रदर्शन भरायचं. हा मामाचा पट्टा, हे मामाचे कॅनव्हासचे बूट. एकाच्या मामानं त्याला नुसती चावीची साखळी दिली होती, चावी नव्हतीच, तरी तो ती बोटाभोवती फिरवत हिंडायचा. माझ्याजवळ दाखवायला काही नसायचं. मी दुसऱ्यांच्या वस्तू हातात घेऊन "बरी शे" असं जाणकारासारखं म्हणायचो. रात्री त्या वस्तूंची नावं आठवत झोपायचो.

सहावीत असताना गल्लीतल्या किराणा दुकानदाराच्या मुलाला त्याच्या गुजरातेतल्या, व्याऱ्याच्या मामानं कॅरम दिला आणि माझी झोपच गेली. तो मुलगा मुळात वाईट नव्हता. कॅरमनं त्याला वाईट केलं. पहिला डाव त्याचा, शेवटचा डाव त्याचा, आणि मध्ये त्याला जेवायला हाक आली की तो स्ट्रायकर खिशात टाकून जायचा. आम्ही चौघं-पाचजण सोंगट्यांकडे बघत बसायचो. तो आमरस खाऊन, हात धुऊन, शांतपणे ढेकर देत परत यायचा.

मला खेळात घ्यायचं एकच कारण होतं. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बाजाराच्या गल्लीत ओट्यावर शिलाई मशीन होतं. बोरिक पावडर संपली की मी आबांच्या खणातला शिंप्याचा खडू चोरायचो आणि ब्लेडनं खरवडून त्याची भुकटी करून न्यायचो. खडू निळा. त्यामुळे कॅरमही निळा झाला, सोंगट्याही निळ्या, आणि आमची तोंडं सणाच्या बैलासारखी. एक खडू म्हणजे दोन डाव, असा दर ठरला होता.

आबांना हे कधी कळलं ठाऊक नाही. पण एका बाजाराच्या दिवशी पोलकं बेतायला खडू मिळेना. समोर डोंगरातल्या कोकणी आदिवासी पाड्यावरची बाई कापड घेऊन उभी. आबांनी माझ्या नखांकडे पाहिलं, नखं निळी. मला वाटलं, आता बसणार फटका. आबांनी चुलीतला कोळसा मागवला, त्यानं खूण केली आणि कात्री उचलली.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी ते पॅसेंजरनं नंदुरबारला गेले आणि संध्याकाळी परतले ते डोक्यावर कॅरम घेऊन. स्टेशनपासून घरापर्यंत अख्ख्या गावानं ते पाहिलं. मीही पाहिलं, पण मला वाटलं, कुणीतरी मागवलेला आणला असेल. ओट्यावर ठेवून म्हणाले, "हाऊ तुन्हा. तुले मामा नही ना, मंग बापच मामा."

एवढं बोलून ते मशीनवर बसले.

त्याच रात्री मी पाठीवर ती निळ्या शाईची सूचना लिहिली. आणि सांगायला लाज वाटते, पुढचा महिना मी त्या दुकानदाराच्या पोराला मान खाली घालायला लावील असा वागलो. जेवायला जाताना स्ट्रायकर खिशात. अंघोळीला जाताना स्ट्रायकर मुठीत. बहिणीला तर मी फक्त खाली पडलेल्या सोंगट्या उचलायचं काम दिलं होतं, आणि तेही ती नीट करत नाही म्हणून काढून घेतलं.

मग आखाजी आली.

त्या वर्षी फुई तीन वर्षांनी माहेरी येत होती. रुसवा होता. तिच्या दिराच्या लग्नात आबांनी स्वतःच्या हातानं शिवलेले कपडे आहेर म्हणून नेले, तेव्हा तिच्या सासूनं भर मांडवात म्हटलं होतं, "शिंपीना आहेर म्हनजे कातरणना ढीग!" कातरण म्हणजे बेतून उरलेले तुकडे. लोक हसले. त्यानंतर सासरच्यांनी फुईला माहेरी पाठवलंच नव्हतं. आता पाठवली होती, ती कशीबशी, दोनच दिवसांसाठी. हे सगळं मोठ्यांचं बोलणं. माझ्या कानावरून गेलेलं. माझं लक्ष फुईच्या मुलाकडे. माझ्याहून वर्षानं लहान, नाकावर घामोळं, आणि भाचा.

पहिल्या दिवशी त्यानं कॅरमकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो माझी गलोल घेऊन चिंचेखाली उभा राहिला. मनात म्हटलं, सुटलो. गलोल जाणार होती, जाऊ दे. रबर फाटलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. आबांनी तांब्यानं भाच्याचे पाय धुतले, पंच्यानं पुसले, वाकून नमस्कार केला. मायनं आमरस वाढला, सांजोऱ्या वाढल्या. तो रसात बोट बुडवून बसला होता. आबा म्हणाले, "भाऊ, काय पायजे ते मांग."

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आबांकडे पाहिलं, आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "मामा, माले हाऊ कॅरम दे."

मायच्या हातातली वाटी तशीच राहिली. फुई म्हणाली, "हट रे, पोऱ्याना शे तो." आबांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी पुढे चाळीस वर्षं विसरलो नाही. त्या नजरेत असं होतं की, बघ बाबा, काय करू? तू आणि मी दोघंही अडकलो.

"लई जाय, भाऊ," आबा म्हणाले. "भाचाले नही म्हनता येस नही."

दुपारी तो कॅरम माझ्याच डोक्यावर देऊन आम्हाला बसस्टँडवर पाठवलं. बसच्या टपावर आंब्याची पाटी आणि कुणाच्या तरी कोंबड्यांचा खुराडा यांच्यामध्ये तो दोरीनं बांधला. फुईनं विचारलं, "आनि तो गोल, मोठा, मारानं र्‍हास तो?" मी म्हटलं, "तो दवडाई गया." स्ट्रायकर माझ्या चड्डीच्या खिशात होता. बस सुटली, धूळ बसली, आणि मी घरी आलो.

मी जे पुढे केलं, ते आज आठवलं तर अंगावर काटा येतो. आबा मशीनवर मान खाली घालून बसले होते. पाय पायट्यावर, पण मशीन चालत नव्हतं. मला वाटलं, माणूस आतून तुटलाय. स्वतः डोक्यावरून आणलेली वस्तू स्वतःच्याच हातानं द्यावी लागली. मी जवळ गेलो, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मोठ्या माणसासारखं म्हणालो, "जाऊ द्या आबा. भाच्यानं मागितलं, तुम्ही तरी काय करणार?"

आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. अकरा वर्षांच्या पोरानं बापाचं सांत्वन केलं, आणि बापानं ते घेतलं.

राग मग कुठे जाणार? तो सगळा आतेभावावर गेला. पुढे आम्ही मोठे झालो, त्यानं हायवेवर टायरचं दुकान टाकलं, मी हायस्कुलात क्लार्क झालो, एकमेकांच्या लग्नात नाचलो. पण आतून मी त्याला कधी माफ केलं नाही. त्याच्या लग्नात मी जिलेबी दुसऱ्यांदा घेतली नाही. त्याच्या पहिल्या मुलाच्या बारशाला मुद्दाम उशिरा गेलो. त्याला यातलं काही कधी कळलं नाही, हे माझ्या सुडाचं एक वैशिष्ट्य.

तर त्या दिवशी फळकं मोडल्यावर मी तो तुकडा घेऊन त्याला मागच्या अंगणात गाठलं. भिंतीपलीकडे ट्रकांची रांग चालली होती. मी म्हटलं, "हाऊ मन्हा कॅरम शे."

"व्हय ना," तो हसला. "चाळीस वरीस झायात, पापड लाटी ऱ्हायनूत त्यावर. भलतं गुळगुळीत फळकं."

"खेळना नही का कधी?"

"कसा खेळतू? स्ट्रायकर कोठे व्हता?" मग डोळा मारून, "आनि माले कॅरम येतच नव्हता रे भो. माले ते तुन्ही गलोल पायजे व्हती."

"मंग गलोल मांगाले काय झायं व्हतं तुले?"

"मी गलोलच मांगनार व्हतू. मामानी सांगं, कॅरम मांग."

"कोन मामानी?"

"माले कितला मामा शेतस? एकच. तुन्हा बाप."

एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. तो जाईपर्यंत मी थांबलो आणि म्हटलं, "पुन्हा सांग."

त्यानं सांगितलं. सकाळी आबा त्याला परसात घेऊन गेले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, भाऊ, ताटावर बसला की कॅरम माग. गलोल मागशील तर तुझी आजी म्हणेल, मामानं रबराचा तुकडा दिला. कपडे देईन तर म्हणेल, कातरण दिलं. बसच्या टपावरून लाकडी वस्तू उतरली पाहिजे, गल्लीनं बघितली पाहिजे. "माले तीनदा म्हनायं करं त्यासनी," तो म्हणाला. "आनि खरं सांगू, आजी खूश व्हयनी. मायले मंग दर आखाजीले धाडं तिनी."

"आनि तू माले चाळीस वरीस सांगं नही?"

"माले वाटनं तुले ठाऊक शे. तुन्हा घरमाच ते व्हयनं."

विसरवाडीहून खांडबाऱ्याला येताना मोटरसायकलवर मी भाषण तयार केलं. माझ्या लेखी कॅरम गेला तो गेला. लाकूडच ते, आज नाहीतर उद्या त्यावर कुणीतरी बसलंच असतं. पण ती नजर? तू आणि मी दोघं अडकलो म्हणणारी? अडकलेला मी एकटा होतो. सापळा लावणारा सापळ्यात सापडल्यासारखं तोंड करून माझ्याकडे बघत होता, आणि मी जाऊन त्याचा गुडघा चोळत होतो. माझं बालपण ज्या एका गोष्टीवर उभं होतं, की आबा माझ्या बाजूचे होते, ती गोष्टच परसात भाच्याकडून तीनदा पाठ करून घेतलेली निघाली.

आबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. अंगणात बाजेवर बसून सुईत दोरा ओवत होते. शिवायचं काही नसतं. दोरा ओवता येतो की नाही, हे रोज बघतात. मी गाडी उभी केली आणि भाषण सगळं विसरलो.

"आबा, तो कॅरम. भाच्याला तुम्ही मागायला सांगितला होता?"

"कोनता कॅरम?"

"मन्हा."

त्यांनी सुई बाजेच्या दोरीत टोचून ठेवली. "हां. मंग?"

"माले का बरं सांगं नही?"

"सांगतू ते तू देता का?"

"देतू!" मी म्हटलं. पन्नाशीच्या माणसानं असं ओरडू नये.

आबा दात नसलेलं हसले. "नही देता. मांगे लिखेल व्हतं तुनी. हात लावू नये." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तीन वरीस बहीण उनी नव्हती रे."

माफी वगैरे काही नाही. त्यांनी सुई पुन्हा उचलली. मी उभा होतो तसाच. त्यांचं चुकलं असं मला अजून वाटत होतं, आणि त्यांना तसं वाटत नाही हेही दिसत होतं. या दोन्हींचं काय करायचं ते न कळून मी घरात गेलो.

बायको कैऱ्या किसत होती. उकाड्यानं तिचं कपाळ घामेजलं होतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यासमोर बसलो आणि आबांसमोर राहून गेलेलं भाषण तिच्यापुढे केलं. चांगलं झालं, असं मला वाटतं. वस्तू घ्या, म्हटलं, घरातलं माणूस आहे, रडेल, भांडेल, देईल. पण दुसऱ्याला मागायला शिकवून आपण बिचारा होऊन बसायचं, 'आता कसं नाही म्हणू' असं तोंड करायचं, आणि वर आपल्याच माणसाकडून समजूत काढून घ्यायची, याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं, सांग.

ती नाशिककडची. इतक्या वर्षांत तिला आमची अहिराणी चांगली येते. पण मनातलं बोलायचं झालं की ती सावकाश, शाळेच्या मराठीत बोलते. तिनं किसणी खाली ठेवली.

"माझ्या भावानं दिलेला टेबलफॅन वन्संनी आपल्या मनानं मागितला नव्हता," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना मागायला सांगितलं होतंत. जाताना त्यांनीच मला सांगितलं, रडल्या बिचाऱ्या. मी मात्र त्या रात्री तुमची समजूत काढली होती. बावीस उन्हाळे झाले. म्हटलं, कधीतरी आपणहून सांगाल."